पक्ष्यांवरचा आळ

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांतील माणसेही तापाने फणफणली, काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. दोन्ही आजार गोचिडीमार्फत पसरणारे. इतक्या दूरचा विषाणू इथे कसा आला? संशय गेला तो दर शरद ऋतूत उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवर. गोचिड्या त्यांच्याच अंगावरून आल्या असतील तर?

हे तपासायला पक्षी ओळखणारा माणूस हवा होता. तो मुंबईत होता. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेले सालिम अली लहानपणीच पोरके झाले आणि खेतवाडीत मामांकडे वाढले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली एक अनोळखी चिमणी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेली. पुढे ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक झाले. तिथून रजा घेऊन ते जर्मनीला शिकायला गेले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र त्यांनी पाहिले. परतल्यावर नोकरी उरली नव्हती. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमच्या किनारी राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्याच अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

भारतात मोठ्या प्रमाणावर कडी घालण्यासाठी मात्र पैसा नव्हता. तो आला या तापामुळे. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीचा स्थलांतर अभ्यास सुरू झाला. सालिम अली तेव्हा साठी ओलांडलेले होते. कच्छ, भरतपूर आणि पुढे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पॉइंट कॅलिमेर इथे तळ पडले. जाळ्यात आलेला पक्षी अलगद सोडवायचा, अंगावरच्या गोचिड्या वेचायच्या, रक्ताचा नमुना घ्यायचा, क्रमांकाची हलकी कडी पायात घालायची आणि पक्षी सोडून द्यायचा. असे हजारो पक्षी तपासले गेले.

क्यासनूरचा विषाणू पक्ष्यांनी बाहेरून आणल्याचा पुरावा मिळाला नाही. तो इथल्याच जंगलातला, इथल्याच गोचिडींत नांदणारा ठरला. परदेशी सापडलेल्या कड्यांमुळे आपल्याकडचे पाहुणे कुठून येतात, हे मात्र कळू लागले. २० जून १९८७ रोजी सालिम अली यांचे निधन झाले.

हाच आजार आज सिंधुदुर्गात माकडताप म्हणून ओळखला जातो. पक्ष्यांमुळे कोणताच रोग पसरत नाही, असे नाही; बर्ड फ्लू आहेच. पण माकडतापात काळजी घ्यायची ती गोचिडीची. जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी आणि मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. शरदाच्या सकाळी किनाऱ्यावर उतरणारे तुतवार आणि चिखल्या मात्र निर्धास्तपणे पाहावेत. या तापाच्या आळातून ते केव्हाच सुटले आहेत.