सावित्रीमाईंची शेवटची सहा वर्षे

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या वस्त्यांत आणि शाळांत क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांची जयंती उत्साहाने साजरी होते. छोट्या मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवे कुंकू लावून व्यासपीठावर येतात. १८४८ सालची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर आलेले शेण, पिशवीतले दुसरे लुगडे इथवर भाषणे येतात आणि तिथेच थांबतात. आम्हीही याच सदरातून अनेकदा तेवढेच लिहिले आहे, हे कबूल केले पाहिजे. पण साठीला टेकलेल्या, जोतीराव नसलेल्या घरात एकट्या उरलेल्या सावित्रीमाई आम्हाला ठाऊक आहेत काय?

लग्न झाले १८४० साली. त्या नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. पुढची पन्नास वर्षे या दोघांचे घर आणि चळवळ वेगळी काढता येत नाही. नवऱ्यानेच लिहायला-वाचायला शिकवले. दोघांनी मिळून शाळा काढल्या, सासऱ्यांनी घराबाहेर काढले तेव्हा दोघेही बाहेर पडले, १८६३ साली फसवलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथेच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत आपला मुलगा म्हणून वाढवला. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात काम करीत होत्या आणि तिथली हकीकत पत्राने जोतीरावांना कळवत होत्या. म्हणजे एकटीने काम उभे करण्याची सवय त्यांना होतीच. मात्र पत्र लिहायला माणूस होता.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत जोतीरावांना महात्मा ही पदवी मिळाली आणि दोन महिन्यांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढले. पैशाची ओढाताण होती, कारण ठेकेदारीत कमावलेले बहुतेक सारे चळवळीत गेले होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणे किती कष्टाचे असते, हे ज्यांच्या घरी असे आजारपण झाले त्यांना सांगायला नको. ते सारे सावित्रीमाईंनी केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले.

प्रेत घरात असतानाच भाऊबंद भांडायला उभे राहिले. टिटवे धरील तो वारस, असा रिवाज. यशवंत दत्तक, त्यातून विधवेचा मुलगा; त्याचा हक्क मानायला ते तयार नव्हते. जोतीरावांनी १८८७ सालीच मृत्युपत्र करून सारे यशवंतच्या नावे केले होते, पण रूढीपुढे मृत्युपत्राला कोण विचारतो? तेव्हा सावित्रीमाई पुढे आल्या, टिटवे स्वतःच्या हाती घेतले, प्रेतयात्रेपुढे चालल्या आणि चितेला अग्नीही त्यांनीच दिला. हे पुण्यात घडले! ज्या शहरात नवरा मेला की ब्राह्मण बाईचे केस उतरवून तिला कोपऱ्यात बसवत, त्या शहरात एकोणसाठ वर्षांची विधवा भर रस्त्याने स्मशानाकडे चालत गेली. मिठात घालून पुरावे ही जोतीरावांची इच्छा होती, वाड्यामागे खड्डाही खणला होता. पण नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन झाले. अस्थी मात्र माईंनी घरामागे आणून ठेवल्या. फुलेवाड्यात आज समाधी आहे ती तीच.

यानंतर त्या मुलाच्या आधारावर गप्प बसल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. चळवळीतला कार्यकर्ता गेला की आपल्याकडे काय होते ते आम्ही पाहिले आहे. शोकसभा होते, फोटोला हार पडतो, पत्नीला पहिल्या रांगेत बसवतात आणि महिनाभराने त्या घराची वाट कोणाला आठवत नाही. तिला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवावे हे तर डोक्यातही येत नाही. सत्यशोधकांनी ते केले. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा सावित्रीमाई होत्या. सासवड पुरंदर तालुक्यातले. जोतीरावांच्या घराण्याचे खानवडी हे गावही त्याच तालुक्यात. जोतीरावांशिवाय त्या मुलखात जाताना माईंना काय वाटले असेल, याची नोंद कुठे नाही. दरम्यान १८९१ साली यशवंतने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून आणले. माईंनी जोतीरावांच्या कार्यावर 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य रचले. १८९५ साली सून लक्ष्मी वारली. यशवंत लष्करात डॉक्टर, नोकरीमुळे बाहेर. घर पुन्हा रिकामे झाले.

१८९६ ला दुष्काळ आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग. पुण्याचा प्लेग म्हटला की पाठ्यपुस्तकांना रँड आणि चापेकर आठवतात. हडपसरजवळचा ससाणे मळा आठवत नाही. तिथे, उघड्या माळावर, माईंनी यशवंतला बोलावून दवाखाना सुरू केला. लोक घरदार सोडून पळत होते, सख्खे सख्ख्याला शिवत नव्हते. फेब्रुवारीत मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले. एकेक जुना सोबती गळत असताना या सहासष्ट वर्षांच्या बाई रोग्यांना हुडकून आणत होत्या.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला गाठ आल्याचे कळले. त्याला उचलायला कोणी पुढे येईना. माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि मळ्यातल्या दवाखान्यापर्यंत आणले. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ च्या रात्री, जोतीरावांमागे सहा वर्षे आणि सव्वातीन महिन्यांनी, त्या गेल्या.