चिखलातून हुडकलेला खंड

अंटार्क्टिकाची जमीन प्रत्यक्ष न पाहता, केवळ समुद्रतळाच्या गाळावरून तो सलग खंड असावा असे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर जॉन मरे. त्यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील कोबर्ग येथे झाला. सतराव्या वर्षी ते स्कॉटलंडला आले. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. पण पदवी घेतली नाही. १८६८ मध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून ते आर्क्टिकला गेले आणि समुद्राचेच झाले.

डिसेंबर १८७२ मध्ये ‘चॅलेंजर’ हे जहाज जगातील महासागरांच्या अभ्यासासाठी निघाले. त्यावर मरे निसर्गशास्त्रज्ञ होते. दोराच्या टोकाला जड वजने आणि पोकळ लोखंडी नळी बांधून ती समुद्रात सोडत. तळाशी टेकताच वजने सुटून तिथेच राहत आणि गाळाने भरलेली नळी वर ओढली जाई. इतरांना जो निव्वळ चिखल वाटे, तो मरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत.

१६ फेब्रुवारी १८७४ रोजी ‘चॅलेंजर’ने अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. जहाज लाकडी, बर्फासाठी न बांधलेले. काही दिवसांनी वादळात ते हिमनगावर आदळलेही. सुदैवाने थोडक्यात निभावले. जमीन मात्र दिसली नाही. पण तळातून ग्रॅनाइट, नाइस, वालुकाश्म, चुनखडी यांचे तुकडे वर आले. महासागरातील बेटे बहुधा ज्वालामुखीच्या खडकांची असतात. हे दगड मात्र खंडांवरचे. हिमनद्यांनी जमीन खरवडून ते उचलले, हिमनगांनी समुद्रात वाहून आणले आणि बर्फ वितळल्यावर ते तळाशी पडले, हे मरे यांनी ओळखले. बर्फालगत निळसर चिखल आणि त्याच्या उत्तरेला डायटम या सूक्ष्म वनस्पतींच्या कवचांचा गाळ, असे पट्टेही त्यांनी दाखवले. १८८६ मध्ये त्यांनी या खंडाचा अंदाजी नकाशा प्रसिद्ध केला. पुढच्या मोहिमांनी तिथे खंड असल्याचे सिद्ध केले.

मोहीमप्रमुख वायव्हिल थॉमसन १८८२ मध्ये वारले. अहवालांचे काम मरे यांच्यावर आले. सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा त्यांनी पदरमोड केली. १८९५ पर्यंत ५० खंड पूर्ण झाले. त्यांतील सागरी निक्षेपांवरचा खंड त्यांनी आल्फोन्स रेनार यांच्यासह लिहिला. सागरी भूविज्ञानाचा पाया तोच मानला जातो. ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटचे मोल ओळखून त्यांनी संपत्तीही कमावली. त्या व्यवसायातून सरकारला मिळालेला महसूल ‘चॅलेंजर’च्या खर्चाहून अधिक होता, असा त्यांचा हिशेब होता.

१६ मार्च १९१४ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातूनच १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने आपल्या अरबी समुद्राच्या तळाचा शोध घेतला.