सिडनहॅममधील सोळा महिने

देवळाली कॅम्पच्या या वसतिगृहातून बाहेर पडलेले आमचे काही माजी विद्यार्थी आज दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेजचा अभ्यास करीत असतील. थकून पुस्तक मिटावेसे वाटेल, त्या क्षणासाठी परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील एक लहानसे पर्व आम्ही येथे स्मरतो.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्यांनी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी प्यावे, हे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. तो अपमान सोसतानाही नोकरी कशासाठी धरली आहे, याचा त्यांना विसर पडला नाही. पगारातील पैसा शिक्षणासाठी शिल्लक पडत गेला. परळच्या चाळीतील संसार माता रमाईंनी काटकसरीने चालविला.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले ५,००० रुपये, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारावयास सांगितला, तेव्हा १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी तो पुन्हा लिहून धाडला आणि पदवी संपादन केली.

त्या पदवीत सोळा महिन्यांच्या नोकरीचे श्रम आहेत, तसाच रमाईंच्या काटकसरीचाही वाटा आहे. म्हणून शिकणाऱ्या नोकरदाराइतकेच त्याच्या घरच्यांनाही आम्ही विनम्र अभिवादन करतो.