मिसिसिपीतीरींचे मंदिरनिर्माते: फादर सॅम्युएल मात्सुकेल्ली

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं प्रभुमंदिराकडे पाहतांना तें उभारणाऱ्यांची आठवण होणें साहजिक आहे. म्हणून अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या तीरीं मंदिरें बांधण्यांत ज्यांनीं आपला देह झिजविला, त्या फादर सॅम्युएल मात्सुकेल्ली यांचें अल्प चरित्र आम्ही प्रिय वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ता. 4 नोव्हेंबर 1806 रोजीं इटलींतील मिलान शहरीं एका सुखवस्तु कुटुंबांत झाला. सतराव्या वर्षीं घरचें सुख सोडून ते संत डॉमिनिकच्या संघांत दाखल झाले. 1828 सालीं ते अमेरिकेस गेले व 1830 सालीं सिनसिनाटी येथें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढें कांहीं वर्षें त्यांनीं उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशांत तेथील मूळ रहिवाशांमध्यें सेवा केली. विनेबागो लोकांसाठीं त्यांच्याच भाषेंत प्रार्थनांचें पुस्तकहि छापविलें.

1835 सालीं ते डब्यूक येथें आले. नदीकाठचें हें गांव शिशाच्या खाणींमुळें नुकतेंच वसलें होतें. खाणींत राबणाऱ्यांत आयरिश कॅथलिक पुष्कळ; परंतु त्यांना मंदिर नव्हतें. इटालियन आडनांव उच्चारतां येईना, म्हणून त्या भोळ्या लोकांनीं आपल्या या गुरूचें फादर मॅथ्यू केली असें आयरिश नांवच करून टाकिलें! त्याच वर्षीं ता. 15 ऑगस्ट रोजीं, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, संत राफाएलच्या दगडी मंदिराची कोनशिला बसविण्यांत आली. 1837 सालीं डब्यूकचा नवा धर्मप्रांत स्थापन झाला आणि 1839 सालीं पहिले बिशप माथियास लोरास तेथें पोहोंचले, तेव्हां त्यांना कॅथेड्रलसाठीं वाट पाहावी लागली नाहीं.

नदीच्या खालच्या अंगास डॅव्हनपोर्ट येथें अँत्वान लक्लेर या गृहस्थांनीं जागा दिली. तेथें 1838 सालीं संत अँथनीचें विटांचें मंदिर उभें राहिलें. न्यू डिगिंग्स येथें 1844 सालीं संत ऑगस्टीनचें मंदिर झालें, तें लांकडाचें. दर्शनी फळ्यांवर खांचा पाडून फादरांनीं त्यांना दगडी भिंतीचें रूप दिलें. द्रव्य थोडें असलें तरी देवाचें घर शोभिवंत असावें, ही त्यांची तळमळ त्यांत दिसते. अशीं वीसांहून अधिक मंदिरें त्यांच्या हातून उभीं राहिलीं. 1847 सालीं सिन्सिनावा येथें त्यांनीं डॉमिनिकन भगिनींचा संघ स्थापिला व मुलींच्या शिक्षणाची सोय केली.

1864 च्या फेब्रुवारींत, कडाक्याच्या थंडींत, आजाऱ्यांना संस्कार देण्यास ते गेले. त्यांतून न्यूमोनिया होऊन ता. 23 रोजीं बेंटन येथें त्यांनीं देह ठेविला. मृत्यूनंतर कमरेभोंवतीं प्रायश्चित्ताची लोखंडी सांखळी आढळली. तिची कोणास वार्ताहि नव्हती. 1993 सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना पूजनीय म्हणून घोषित केलें.

डब्यूकचें त्यांचें दगडी मंदिर आतां नाहीं. श्रद्धावंतांची संख्या वाढली, तें अपुरें पडलें, आणि 1857 सालीं मोठ्या कॅथेड्रलचें काम सुरू झालें. डॅव्हनपोर्टची विटांची इमारत मात्र अद्याप उभी आहे. आम्हांस वाटतें, फादरांना दोहोंचाहि सारखाच आनंद झाला असता. जें मंदिर लहान पडलें, त्यानें आपलें काम पुरें केलें. आपल्या मंदिराच्या भिंतींतहि अशाच पूर्वजांचे श्रम आहेत. त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं या, आणि पुढील पिढीसाठीं आपलाहि एखादा दगड रचूं या.