व्हॉल्व्हशिवाय रेडिओ चालवणारे ओलेग लोसेव्ह कोण होते?

१९०३ मध्ये रशियातील त्वेर येथे जन्मलेले ओलेग लोसेव्ह निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत निरोप्या म्हणून लागले. १९२२ मध्ये त्यांनी झिंकाइटच्या खड्यावर बारीक सुई टेकवली, छोटी बॅटरी जोडली आणि सर्किट ऑसिलेट होऊ लागले. कारण? ठरावीक टप्प्यात व्होल्टेज वाढवले, की या खड्यातून जाणारा करंट उलट घटतो. त्यामुळे सर्किटमधील कंपने विझत नाहीत. ऊर्जा मात्र बॅटरीचीच, फुकटची नव्हे! महागड्या व्हॉल्व्हविना रेडिओ बनू लागल्याने हौशी मंडळी खूश झाली. पण सुई जरा सरकली की सगळे थांबे. अखेर व्हॉल्व्हच टिकले. लोसेव्ह यांनी कार्बोरंडमच्या खड्यातून निघणाऱ्या उजेडाचाही अभ्यास केला. आज त्याला आपण एलईडी म्हणतो. २२ जानेवारी १९४२ रोजी, लेनिनग्राडच्या वेढ्यात, त्यांचा उपासमारीने मृत्यू झाला. वय ३८.