गव्हाचे बी आणि सत्तेची आज्ञा

वनस्पतींचे वर्गीकरण हा विषय वरकरणी किती निरुपद्रवी! पानांची ठेवण पाहावी, पाकळ्या नि पुंकेसर मोजावेत, कुळ ठरवून नाव द्यावे. यात राजसत्तेने बिथरावे असे काय आहे? परंतु हू श्यान्सू या चिनी वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र पाहिले म्हणजे हा समज आम्हांस सोडून द्यावा लागतो.

हू यांचा जन्म १८९४ साली ज्यांग्शी प्रांतातील नानचांग येथला. अमेरिकेत बर्कली येथे शिकून ते मायदेशी परतले आणि पुढे १९२५ साली हार्वर्डची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. तोवर चीनच्या वनश्रीची नामकरणे बहुतांशी युरोपीय पंडितांनी केलेली. मूळ नमुने लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत. स्वतःच्या भूमीतील झाडांची ओळख परक्यांच्या दारी जाऊन करून घ्यावी, हे त्यांना रुचले नाही. १९२८ साली पेकिंगमध्ये फॅन स्मारक जीवशास्त्र संस्था आणि १९३४ साली लूशान पर्वतावरील वनस्पति-उद्यान, या दोहोंच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. शास्त्रात नव्याचा पुरस्कर्ता असलेला हा गृहस्थ साहित्यात मात्र कट्टर परंपरानिष्ठ. जुन्या छंदांत कविता रचणारा.

१९४१ साली मिकी या जपानी शास्त्रज्ञाने केवळ जीवाश्मांवरून ‘मेटासेक्वॉया’ ही वृक्षजाती नोंदविली. मध्य चीनमधील एका खेड्यात सापडलेला जिवंत वृक्ष त्याच जातीचा आहे, हे हू यांनी ओळखले आणि १९४८ साली चेंग वान-चून यांच्यासमवेत त्याचे शास्त्रीय नामकरण केले. नामशेष मानलेला वृक्ष जगाला परत मिळाला. हू यांची कीर्ती दिगंत झाली.

पण खरी कसोटी पुढेच होती. गव्हातून राय धान्य निपजते, असे सांगणाऱ्या सोव्हिएत लायसेंकोचे मत त्या काळी चीनमध्ये वेदवाक्य होते. १९५५ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात हू यांनी ते अशास्त्रीय ठरविले. टीकेची झोड उठली. त्याच वर्षी विज्ञान अकादमीचे सदस्य निवडले गेले. त्यांत हू नव्हते. १९५६ साली चिंगदाव येथील परिषदेत लायसेंकोवादाची पकड सैल झाली खरी, पण वारे पुन्हा फिरले. सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत छळ सोसून १९६८ साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अस्थींना लूशानच्या उद्यानात जागा मिळाली ती १९८४ साली.

लायसेंकोचे आसन मॉस्कोतच १९६५ पर्यंत ढासळले होते. चीनच्या वनस्पतिकोशाचे ८० खंड २००४ साली पूर्ण झाले. गव्हाच्या बीने मात्र कोणाच्याही फर्मानाची पर्वा केली नाही. पेरले तेच उगवले. सत्ताधीशांच्या हाती विद्वानाचे पद असते, पुस्तक असते, प्रसंगी प्राणही असतात. निसर्गाचा नियम नसतो. विद्वानांनी हे विसरू नये आणि सत्ताधीशांना त्याची आठवण करून देण्याचे व्रत समाजाने सोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.