परिचारिकांचे आश्रयदाते संत कॅमिलस



१४ जुलै हा संत कॅमिलस द लेलिस यांचा सण. ख्रिस्तसभा त्यांना रुग्णांचे, रुग्णालयांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत मानते. आपल्यातील अनेक घरांत नर्सची नोकरी करणारी मुलगी, सून किंवा बहीण आहे. रोगी बरा होऊन घरी जाईल अशी आशा नसलेल्या वॉर्डातही नर्सची ड्युटी लागते. तिथे वेदना कमी करायच्या, अंग स्वच्छ ठेवायचे आणि अखेरच्या श्वासापर्यंत सोबत करायची असते. या सेवेला आज पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. अशा रुग्णांसाठी आपण प्रार्थना करतो. त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांच्या मनावर काय गुदरते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. या संताचे चरित्र आज आपण त्या दृष्टीने पाहू या.

कॅमिलस यांचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको या गावी झाला. वडील सैनिक होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले. उंचपुरे, धिप्पाड आणि तापट असे कॅमिलस तरुणपणी सैन्यात शिरले. त्या काळात त्यांच्या पायाला जखम झाली. ती चिघळत राहिली आणि मरेपर्यंत त्यांची पाठ तिने सोडली नाही. उपचारासाठी १५७१ साली ते रोमच्या सेंट जेम्स रुग्णालयात गेले. असाध्य रोग्यांचे ते रुग्णालय होते. तिथे ते रोगी म्हणून राहिले आणि नोकर म्हणून राबलेही. पण पत्त्यांचा नाद आणि भांडखोर स्वभाव यामुळे त्यांना काढून टाकण्यात आले.

पुन्हा सैन्य, पुन्हा जुगार असे चालले. १५७४ साली नेपल्समध्ये ते अंगावरच्या सदऱ्यासकट सर्व काही हरले. पोटासाठी त्यांनी मानफ्रेदोनिया येथे कपुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी धरली. तिथल्या धर्मगुरूंचा उपदेश त्यांच्या मनात घर करून राहिला. २ फेब्रुवारी १५७५ रोजी वाटेतच ते गुडघ्यावर आले आणि रडत रडत त्यांनी देवाची क्षमा मागितली. कपुचिन होण्याची त्यांची फार इच्छा होती. परंतु पायाची जखम उघडल्यामुळे त्यांना मठातून परत पाठवण्यात आले. ते पुन्हा सेंट जेम्स रुग्णालयात आले, सेवा करू लागले आणि पुढे तिथले व्यवस्थापक झाले.

खाटेवर पडून कोणाची तरी वाट पाहणे काय असते, हे कॅमिलस यांना ठाऊक होते. पगारापुरते काम करणाऱ्या नोकरांच्या हाती मरणाऱ्यांचे कसे हाल होतात, हेही ते रोज पाहत होते. १५८२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मनात विचार आला की, केवळ देवाच्या प्रेमासाठी सेवा करणाऱ्यांचा एक संघ असावा. मोजके सोबती मिळाले. ते एकत्र प्रार्थना करत आणि एकत्र रुग्णसेवा करत. रुग्णालयाच्या कारभाऱ्यांना याचा संशय आला आणि त्यांनी विरोध केला, तरी काम थांबले नाही. संत फिलिप नेरी हे त्यांचे पापनिवेदन ऐकणारे गुरू होते. १५८४ साली कॅमिलस यांना गुरुदीक्षा मिळाली. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी संघाला मान्यता दिली व झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगी दिली. जिवाला धोका असला तरी रुग्णांची सेवा करण्याचे चौथे व्रत हे संघबंधू घेऊ लागले. नेपल्स येथे गलबतांवरील प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांच्यातील दोघांनी प्राण दिले.

खोलीत मोकळी हवा, योग्य आहार, संसर्गजन्य रोग्यांची वेगळी सोय यांवर कॅमिलस यांचा कटाक्ष असे. मृत्यू झाला असे वाटले तरी चेहऱ्यावर लगेच चादर ओढू नये, प्रार्थना आणखी काही वेळ चालू ठेवावी, असे ते सांगत. एकुलते एक मूल आजारी असताना आई जशी जपते, तसे रोग्याला जपावे ही त्यांची शिकवण होती.

१६०७ साली त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले व रुग्णांसाठी अधिक वेळ मोकळा केला. शेवटी शेवटी उभे राहवत नव्हते, तरी ते एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत सरपटत जात. १४ जुलै १६१४ रोजी रोम येथे ते प्रभूघरी गेले. १७४६ साली त्यांना संतपद मिळाले आणि १९३० साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

हे वाचून, चांगली नर्स कधी थकत नाही, असा अर्थ आपण काढला तर तो चुकीचा ठरेल. कॅमिलस यांनी मरणाऱ्यांची सेवा एकट्याच्या खांद्यावर ठेवली नाही. सेवा करणाऱ्यांना त्यांनी एक घर दिले, सोबती दिले, एकत्र प्रार्थनेची वेळ दिली. आज नेमके तेच अनेकींना मिळत नाही. आठवडेच्या आठवडे ज्याला भरवले, ज्याच्या घरच्यांना धीर दिला, तो सकाळी जातो आणि संध्याकाळी त्या खाटेवर दुसरा रोगी असतो. रडायला वेळ नसतो. मग झोप उडते, चिडचिड होते, कशाचेच काही वाटेनासे होते, ड्युटीवर जाणे नकोसे होते. ही मनाच्या थकव्याची लक्षणे आहेत. श्रद्धा कमी पडली, असा त्याचा अर्थ नव्हे.

यावर उपाय आहेत. रोगी गेल्यानंतर सहकाऱ्यांनी थोडा वेळ एकत्र बसून बोलणे, वॉर्ड आलटून पालटून मिळणे, हक्काची सुट्टी वेळेवर मिळणे आणि गरज वाटल्यास समुपदेशकाकडे जाणे, याने ओझे हलके होते. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली आपल्या मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. तिथे आणि अशा प्रत्येक ठिकाणी रोग्यांबरोबर त्यांची सेवा करणाऱ्यांनाही आपण प्रार्थनेत आठवले पाहिजे.

आपल्याला घरीही पुष्कळ करता येईल. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला आल्या आल्या स्वयंपाकाला लावू नये. तिला झोपू द्यावे. एवढी मरणे पाहून तुला आता सवय झाली असेल, असे म्हणू नये. आज कोण गेले, असे विचारावे आणि ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावे. तिला बोलायचे नसेल तर नुसते जवळ बसावे. तिने समुपदेशकाकडे जायचे ठरवले, तर लोक काय म्हणतील याची धास्ती तिला घालू नये.

संत कॅमिलस यांच्या सणाच्या मिस्सात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक परिचारिकेला आपण नावाने आठवू या आणि मिस्सानंतर तिची भेट घेऊन तिची विचारपूसही करू या.